स्पर्शापासून केंद्रकापर्यंत : पेशींवरील यांत्रिक बल आणि जनुकद्रव्य

मोडलेल्या पायाचे प्लास्टर सहा आठवड्यांनी काढले म्हणजे आतील पिंडरी दुसऱ्या पायाच्या मानाने बारीक झालेली दिसते. हा अनुभव प्रत्येक वैद्याचा आहे, रुग्णाच्या घरच्यांचाही आहे. त्यामुळे त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि प्रश्न आहेच. त्या सहा आठवड्यांत रुग्णाचा आहार चालू होता, अग्नी ठीक होता, दोन्ही पायांना एकाच हृदयातून एकच रसरक्त मिळत होते. मग एकाच पायाचा मांसधातू इतका क्षीण का व्हावा? आघाताचा भाग वजा केला तर त्या पायापासून मुख्यतः एकच गोष्ट काढून घेतली गेली होती, आणि ती म्हणजे भार.

अस्थींच्या बाबतीत ही गोष्ट जर्मन शल्यविद् युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडली. हाडावर ज्या दिशेने भार येतो त्या दिशेला अनुसरून हाडाची आतील रचना बदलत जाते, हे त्यांचे प्रतिपादन आज ‘वोल्फचा नियम’ म्हणून ओळखले जाते. पुढे अंतराळयुगात त्याचा उलट पुरावा मिळाला. दीर्घकाळ अंतराळात राहिलेल्या प्रवाशांच्या कटिभागातील हाडांची घनता दरमहा सरासरी १ ते १.५ टक्क्याने घटते असे आढळले. तेथे अन्न होते, औषध होते, वैद्यकीय देखरेख होती. वजन तेवढे नव्हते.

धातू वाढतो किंवा झिजतो तो प्रथिनांच्या निर्मितीने आणि नाशाने. कोणते प्रथिन किती निर्माण करावयाचे हे पेशीच्या केंद्रकातील जनुके वाचली जाण्यावर अवलंबून असते. म्हणजे पाऊल जमिनीवर टेकले, ही वार्ता कोणत्या तरी वाटेने केंद्रकापर्यंत पोचली पाहिजे. ही वाट कोणती, याचा उलगडा गेल्या तीन दशकांत बऱ्याच अंशी झाला आहे. अभ्यंग, संवाहन, उद्वर्तन, बंधन, व्यायाम या बलाश्रित उपक्रमांवर ज्यांची चिकित्सा बरीचशी उभी आहे, त्या आपल्या व्यवसायबंधूंना या विषयाचा परिचय असावा म्हणून हा लेखप्रपंच.

पेशी ही पाण्याची पिशवी नव्हे

आम्ही बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षात शरीरक्रिया शिकलो तेव्हा फळ्यावर पेशीची आकृती काढली जाई ती एका पातळ द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी. मधोमध केंद्रक, भोवती इतर अवयव तरंगत असलेले. परीक्षेपुरती ती आकृती ठीक होती. प्रत्यक्षात पेशीच्या आत तंतूंचा एक ताणलेला सांगाडा असतो. लग्नाच्या मांडवाची उपमा येथे चांगली लागू पडते. मांडव उभा राहतो तो केवळ खांबांवर नव्हे, तर चारी बाजूंनी खुंटांना ओढून बांधलेल्या दोरांवर. एका खुंटाशी दोर हलवला तर मधला खांब थरारतो. पेशीत ॲक्टिन नावाचे तंतू हे दोर होत. पेशीच्या आवरणात रुतलेली इंटेग्रिन ही प्रथिने हे खुंट होत; ती बाहेरच्या कोलॅजनादी तंतूंना एका टोकाने आणि आतील ॲक्टिनला दुसऱ्या टोकाने धरून असतात.

हे दोर केंद्रकापर्यंत जातात काय? १९९७ साली डोनाल्ड इंगबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत पेशीच्या बाह्य पृष्ठावरील इंटेग्रिनला चिकटलेला सूक्ष्म मणी ओढून पाहिला. मणी ओढताच दूर आत असलेल्या केंद्रकाचा आकार बदलला. पुढे २००६ च्या सुमारास या जोडणीतील दुवे स्पष्ट झाले. केंद्रकाच्या दुहेरी पटलातून आरपार जाणारी नेस्प्रिन आणि सन या नावांची प्रथिने बाहेरील तंतूंना आतील लॅमिन या जाळीशी बांधतात. या रचनेस ‘लिंक संकुल’ म्हणतात. लॅमिनची जाळी केंद्रकपटलाला आतून अस्तरासारखी लागलेली असते, आणि त्या अस्तराला जनुकद्रव्याचे मोठे भाग चिकटलेले असतात.

या जनुकद्रव्याची मांडणी लक्षात घेतल्याखेरीज पुढील गोष्ट समजणार नाही. मानवी पेशीतील डीएनएची लांबी सुमारे २ मीटर, आणि ते ज्या केंद्रकात मावते त्याचा व्यास १ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. हे धागे हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेले असतात. या गुंडाळ्यांना क्रोमॅटिन म्हणतात. जो भाग सैल तो वाचला जातो, जो घट्ट मिटलेला तो बहुधा मूक राहतो. त्वचेच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकांचा संच तोच असूनही दोघींचे कर्म भिन्न असते, ते मुख्यतः या मिटण्या-उघडण्यामुळे. तेव्हा बल केंद्रकापर्यंत पोचून जनुकांची अक्षरे बदलते असे कोणी समजू नये. कोणते पान उघडे आणि कोणते मिटलेले, यावर ते प्रभाव टाकते. हा भेद काटेकोरपणे पाळला नाही तर काय घोटाळे होतात ते पुढे सांगू.

दोन वाटा

बलाची वार्ता केंद्रकात दोन वाटांनी जाते. पहिली रासायनिक. पेशीच्या आवरणात ताण पडताच उघडणारी द्वारे असतात. पिएझो-१ व पिएझो-२ ही अशी द्वारे २०१० साली आर्डेम पाटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढली, आणि स्पर्श व तापमान यांच्या ग्राहकांवरील कार्यासाठी पाटापूटियन व डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पिएझो-१ उघडले की कॅल्शियम आत शिरते आणि पुढील साखळी सुरू होते. याच वाटेवरचे दुसरे दूत म्हणजे याप आणि ताझ ही प्रथिने. पेशी मऊ पृष्ठावर गोल बसली असेल तर ती केंद्रकाबाहेर राहतात. पेशी ताठ पृष्ठावर पसरली की केंद्रकात शिरून वाढीची जनुके जागी करतात. हे इटलीतील पादुआ येथील स्तेफानो पिक्कोलो यांच्या गटाने २०११ साली दाखविले.

दुसरी वाट सरळ ओढीची आहे, आणि आम्हांस ती अधिक विस्मयकारक वाटते. २०१६ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील निंग वांग यांच्या गटाने इंटेग्रिनला चुंबकीय मणी चिकटवून तो हलकेच पिळला आणि पेशीच्या केंद्रकातील एका खुणेच्या जनुकाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिले. क्रोमॅटिनचा तो भाग प्रत्यक्ष ताणला गेला आणि अल्पावधीतच त्या जनुकाचे वाचन वाढले. येथे निरोप्याची गरज पडली नाही. दोर ओढला आणि गाठ सैल झाली. बलाची दिशा बदलली असता हा परिणाम कमीअधिक झाला, हे तर अनुलोम-प्रतिलोम गतीचा विचार करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. मात्र एका पेशीवरील एका मण्याच्या दिशेवरून मर्दनाच्या दिशेचा निर्णय लावू नये.

पेशीच्या बैठकीच्या काठिण्याने काय घडते, याचा नमुनेदार प्रयोग २००६ चा आहे. डेनिस डिशर, ॲडम एंग्लर आदींनी मज्जेतील मूलपेशी निरनिराळ्या काठिण्याच्या जेलवर वाढविल्या. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे १ किलोपास्कलपर्यंतच्या, जेलवर त्या चेतापेशींकडे झुकल्या; स्नायूसारख्या, ८ ते १७ किलोपास्कलच्या, जेलवर स्नायुपेशींकडे; २५ ते ४० किलोपास्कलच्या ताठर जेलवर अस्थिजनक पेशींकडे. पोषक द्रव सर्वत्र एकच होता. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आणि नंतर सिंगापूर येथे काम केलेले जी. व्ही. शिवशंकर यांच्या गटाने २०१८ साली याही पुढचे पाऊल टाकले. उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशी अरुंद जागेत काही दिवस कोंडून वाढविल्या असता, बाहेरून कोणतेही रसायन न घालता, त्यांच्यात मूलपेशींची लक्षणे प्रकट झाली.

काठिण्य, प्रवाह आणि भंग

उदरपरीक्षणात यकृत-प्लीहेचे काठिण्य आपण हाताने पाहतो. चरकाचार्यांनी प्लीहोदरात प्लीहा आरंभी अष्ठीलेसारखी कठीण व वाढता वाढता कासवाच्या आकाराची होते असे वर्णन केले आहे आणि यकृतासही तेच लागू केले आहे. आता हेच काठिण्य यंत्राने किलोपास्कलमध्ये मोजतात : निरोगी यकृतात सुमारे ५, सिरोसिसमध्ये बहुधा १२-१३ च्या पुढे. महत्त्वाची गोष्ट ही की काठिण्य हे केवळ व्याधीचे फळ नसून पुढे त्याचे कारणही होते. कठीण बैठकीवर बसलेली तंतुजनक पेशी अधिक सक्रिय होऊन अधिक कोलॅजन विणते, त्याने यकृत आणखी कठीण होते, आणि चक्र फिरत राहते. म्हणून काठिण्य हाताला लागण्यापूर्वीचा काळ चिकित्सेस अनुकूल असतो. (यावरून कोणी यकृतावर मर्दन करू लागेल अशी धास्ती आम्हांस वाटते म्हणून स्पष्ट लिहितो : असा अर्थ मुळीच नाही.)

रक्तवाहिन्यांचेही असेच. धमनीच्या अंतःस्तरावर वाहत्या रक्ताचे घर्षण होते. सरळ धमनीत ते दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते २० डाइन असते. हा सम प्रवाह केएलएफ-२ नावाचे जनुक जागे ठेवतो आणि त्यायोगे वाहिनी शिथिल व शोथरहित राहते. जेथे धमनी फाटे फोडते किंवा वळते तेथे प्रवाह विस्कळीत होतो, हे जनुक मंदावते, आणि नेमक्या त्याच जागी मेदाचे थर साचतात. रक्तातील स्नेहांश सर्व धमनीत एकसारखाच फिरत असताना व्याधी ठरावीक ठिकाणीच का स्थानसंश्रय करतो, या प्रश्नाचे हे एक चांगले उत्तर आहे. ‘खवैगुण्य’ शिकविताना आम्ही हे उदाहरण आवर्जून देतो.

बलाने हितच होते असे नाही. अतिशय अरुंद फटीतून वाट काढणाऱ्या पेशींचे केंद्रकपटल फाटते, डीएनएचे धागे तुटतात आणि पेशी ते पटल सांधून घेते, हे २०१६ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखविले. त्यांत ऊतींतून पसरणाऱ्या कर्कपेशींचाही समावेश होता. लॅमिनची जाळी जेथे सदोष असते तेथे तर नित्याचा भारही जड जातो. लॅमिन-ए च्या जनुकातील दोषाने एमरी-ड्रायफस हा स्नायुक्षयाचा प्रकार होतो, हे १९९९ साली समजले. त्याच जनुकातील एका अक्षराच्या बदलाने बालवयात वार्धक्य आणणारा प्रोजेरिया होतो, हे २००३ साली. जनुक सर्व पेशींत असूनही स्नायू, हृदय, अस्थी यांवरच प्रामुख्याने घाला का पडतो? २०१३ साली डिशर यांच्याच गटाने दाखविले की ऊती जितकी ताठ आणि भार सोसणारी, तितके तिच्या केंद्रकात लॅमिन-ए अधिक असते. ज्या घरावर ओझे अधिक, तेथेच कच्चे तुळवट आधी मोडतात.

आणि संरक्षणही आहे. २०२० साली सारा विकस्ट्रॉम यांच्या गटाने त्वचेच्या मूलपेशींना यंत्राने वारंवार ताण दिला. काही वेळातच केंद्रकाच्या कडेचे घट्ट क्रोमॅटिन सैल झाले, केंद्रक मऊ पडले आणि डीएनए सुरक्षित राहिले. हे मऊ पडणे रोखले असता डीएनएला इजा झाली. ताण पुढेही चालू राहिला तेव्हा पेशी ताणाच्या दिशेला आडव्या वळून बसल्या आणि केंद्रक पूर्ववत झाले. वादळात ताठ उभे न राहता लवणाऱ्या लव्हाळ्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

आपल्या शास्त्राशी संबंध

येथे आपण सावध झाले पाहिजे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीराचे अवयव परमाणुभेदाने असंख्य आहेत आणि त्यांच्या संयोग-विभागास वायू व कर्मस्वभाव कारण आहेत असे सांगितले आहे. सूत्रस्थानातील वातकलाकलीय अध्यायात गर्भाच्या आकृती घडविणारा वायूच मानला आहे. ही वचने पुढे करून आचार्यांना क्रोमॅटिन ठाऊक होते असे सांगणारे वक्ते परिसंवादांत भेटतात व टाळ्याही घेतात. आम्हांस हे मान्य नाही. परमाणू म्हणजे पेशी नव्हे, आणि वायू म्हणजे न्यूटनमध्ये मोजावयाचे बल नव्हे. वायूच्या कर्मांत मनाचे नियमन येते, वाणी येते, अग्नीचे प्रेरण येते; ते सारे एका भौतिक राशीत कोंबणे हा वायूचाच संकोच होय. आचार्यांचे मोठेपण अशा जुळवाजुळवीवर अवलंबून नाही.

ते निरीक्षणात आहे. अभ्यंगाने शरीर दृढ कसे होते हे सांगताना चरकाचार्य घट, चर्म आणि रथाचा आख यांचे दृष्टान्त देतात. तिन्ही वस्तू भार, घर्षण किंवा ताण सोसणाऱ्या आहेत. एकही उदाहरण पोषणाचे नाही. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य आणि ते त्वचेच्या आश्रयाने असल्यामुळे अभ्यंग त्वचेस परम हितकर, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि नित्य अभ्यंग करणाऱ्याचे शरीर आघाताने व श्रमाने फारसे विकृत होत नाही अशी फलश्रुती. वरील २०२० चा प्रयोग वाचून ही फलश्रुती कोणालाही आठवेल. परंतु तो प्रयोग काचपात्रातील पेशींवरचा होता, तेथे तेल नव्हते आणि माणूसही नव्हता. त्यातून प्रश्न निर्माण होतो, सिद्धता नाही.

मनुष्यावर झालेला एक जवळचा प्रयोग मात्र आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना सायकलवर थकेपर्यंत व्यायाम करावयास लावून एका पायास १० मिनिटे मर्दन केले, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मर्दन केलेल्या पायात इंटेग्रिनच्या खुंटाशी असणारी बलसंवेदी प्रथिने सक्रिय झालेली आढळली, शोथकारक संदेश कमी आढळले आणि पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या निर्मितीस प्रेरणा देणारे संकेत वाढलेले दिसले. लॅक्टिक आम्ल मर्दनाने निघून जाते ही लोकप्रिय समजूत मात्र त्यात खरी ठरली नाही. संख्या अवघी ११, मर्दन पाश्चात्त्य पद्धतीचे, रुग्ण नव्हे तर निरोगी तरुण. एवढ्या मर्यादा ध्यानात ठेवूनही हा अभ्यास मोलाचा आहे. अलीकडे ‘जनुके दुरुस्त करणारे अभ्यंग’ अशा आशयाची जाहिरात आमच्या पाहण्यात आली. स्नायूतील काही जनुकांच्या वाचनात तात्पुरता फरक पडणे आणि जनुके दुरुस्त होणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जन्मजात जनुकदोष असलेल्या बालकाच्या आईबापांनी ती जाहिरात वाचली तर ते कोणत्या आशेने आपल्या दारी येतील याचा विचार करावा.

बलाची मात्रा

औषधाची मात्रा आपण गुंजेत तोलतो. बलाची मात्रा मात्र परिचारकाच्या मर्जीवर सोडतो. अभ्यंगावरील शोधनिबंधांत तेलाचा पाठ, पाकाची परीक्षा, प्रमाण सारे तपशिलाने येते, आणि हातांविषयी ‘यथाविधी अभ्यंग केला’ एवढेच वाक्य असते. किती दाब, कोणत्या दिशेने, प्रत्येक अवयवास किती वेळ? डल्हणाचार्यांनी स्नेह उत्तरोत्तर धातूंपर्यंत पोचण्यास लागणाऱ्या मात्राकालाचा हिशेब टीकेत मांडून ठेवला आहे. काळाचे भान त्यांना होते. आमच्या मते पदव्युत्तर प्रबंधांत ही नोंद सक्तीची करावी. दाब मोजणारे पातळ संवेदक आज उपलब्ध आहेत.

निषेधही मात्रेतच येतात. नवज्वर, अजीर्ण, आम आणि शोधनानंतरची अवस्था हे शास्त्रोक्त निषेध सर्वांना पाठ असतात. त्यांत दोन गोष्टींची भर घालावी. एकाच पायाची पिंडरी अकस्मात सुजून दुखू लागली असेल तर खोल सिरेत गुठळी नाही याची खात्री होईपर्यंत तेथे हात लावू नये. सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकून प्राण घेऊ शकते. तसेच स्तनातील वा अन्यत्र निदान न झालेल्या गाठीवर मर्दन करू नये. रुग्ण ‘वाताची गाठ आहे, जिरवून द्या’ म्हणत आला तरी आधी निदान.

मात्रा आणि काल यांचे महत्त्व अस्थीइतके अन्यत्र स्पष्ट दिसत नाही. सोव्हिएत रशियातील कुर्गान येथील शल्यविद् इलिझारोव्ह यांनी छेदलेले हाड दिवसाला १ मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, ओढत गेल्यास मधल्या फटीत नवे हाड तयार होते हे सिद्ध केले. ओढ फार वेगाने दिली तर हाड न बनता तंतुमय ऊती बनते, फार मंद दिली तर हाड वेळेआधीच जुळून जाते. भग्नचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी हाताच्या तळव्याच्या भग्नानंतर रुग्णाला प्रथम मृत्पिंड, मग लवण आणि हातास बळ आल्यावर पाषाण धरावयास सांगितला आहे. मृत्पिंड मुठीत दाबला जातो, सैंधवाचा खडा दाबला जात नाही, पाषाण तर जडही असतो. हा क्रम वाढत्या भाराचा आहे असे आम्ही समजतो. दिवसांची संख्या त्यांनी दिलेली नाही, बळ येणे ही खूण दिली आहे. मनगटाच्या भग्नात प्लास्टर निघाल्यावर, क्ष-किरण चित्र पाहून आणि अस्थिशल्यविदांच्या संमतीने, आम्ही मळलेल्या कणकेच्या गोळ्यापासून आरंभ करतो. तो घरोघरी असतो, आणि वृद्ध स्त्रियांना त्याची भीती वाटत नाही.